धवळारीण आणि विद्यापीठ

मराठी वाङ्मयाचा विद्यार्थी पदवीपरीक्षेच्या वाटेवर केव्हां ना केव्हां महदाइसेच्या ‘धवळ्यां’पाशीं येऊन पोंचतो. चक्रधरांची शिष्या महदाइसा ऊर्फ महदंबा हिनें तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, ऋद्धिपूर येथें गोविंदप्रभूंच्या सान्निध्यांत, श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर हीं गीतें रचिलीं आणि त्यांमुळें मराठींतील आद्य कवयित्रीचा मान तिला मिळाला, इतकें त्याला पाठ असतें. धवळे म्हणजे लग्नांत म्हणावयाचीं गाणीं, हा अर्थहि तो उत्तरपत्रिकेंत लिहितो. परंतु हीं गाणीं कोणत्या चालीवर म्हणत, पुढें कोण म्हणे आणि मागून कोण उचली, हें त्याला कोणी विचारीत नाहीं. वाङ्मयाच्या वर्गांत शब्द तेवढे येतात. सूर कोठें गेले हा प्रश्न संगीताच्या वर्गाचा. आणि तेथें धवळ्यांचें नांव सहसा निघत नाहीं.

या प्रश्नाचें उत्तर शोधावयास मुंबई विद्यापीठाच्या हद्दीबाहेर जावें लागत नाहीं. पेण आणि रोहा हे रायगड जिल्ह्यांतील दोन तालुके त्या हद्दींतच येतात. पेण भोगावतीच्या कांठीं, रोहा कुंडलिकेच्या. एका बाजूस खाडीलगतचा खारपाट, भातशेती आणि मिठागरें. दुसऱ्या बाजूस सह्याद्रीच्या पायथ्याचे डोंगर. खारपाटांत आगरी व कोळी यांची वस्ती, डोंगराकडच्या वाड्यांत कातकरी व ठाकूर, आणि मधल्या गांवांत कुणबी व इतर शेतकरी. १८८३ सालीं सरकारनें कुलाबा व जंजिरा यांचें गॅझेटियर छापलें, त्यांत या जातिजमातींचीं वर्णनें आलीं आहेत. पुढें १९८१ सालीं कुलाबा जिल्ह्याचें नांव रायगड झालें. नांव बदललें तरी माणसें तींच राहिलीं. मुंबईकरांस पेण माहीत असतें तें गणपतीच्या मूर्तींमुळें, आणि रोहा माहीत असतो तो धावीर महाराजांच्या पालखीमुळें अथवा चिंतामणराव देशमुखांच्या नांवामुळें. गाण्यासाठीं या दोन गांवांची आठवण सहसा कोणी काढीत नाहीं.

वस्तुतः या भागांत गाण्याचा तोटा नाहीं. गौरीगणपतीच्या दिवसांत पायांत घुंगरू बांधून बाल्यांचा नाच होतो. देवाच्या पालखीपुढें ढोल, सनई व झांज यांचा खालूबाजा वाजतो. कोळ्यांच्या गाण्यांनीं तर मुंबईचीं नाट्यगृहें व ध्वनिमुद्रिकांचीं दुकानें केव्हांच गांठलीं. परंतु या सर्वांत वयानें वडील आणि मानानेंहि वडील असा जो प्रकार, तो धवळ्यांचा. आगऱ्यांच्या लग्नांत तो गाणारी स्त्री म्हणजे धवळारीण.

धवळारीण ही नुसती गाणारी बाई नव्हे. तिचें काम पौरोहित्याचें आहे. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत जे जे विधि होतात, त्यांतील प्रत्येकाचें गाणें निराळें असतें. आणि जेथें जुनी रीत टिकली आहे तेथें तें गाणें म्हटल्यावांचून विधि पुरा झाला असें मानीत नाहींत. देवदेवतांना आणि घरांतील गेलेल्या माणसांना लग्नाचें आवतण तीच आपल्या गाण्यांतून पोंचविते. बहुधा दोघी जणी मिळून गातात. एकीनें ओळ टाकावी, दुसरीनें ती उचलावी. स्वरांचा पल्ला लहान असतो, पण त्या लहान पल्ल्यांत नांवांच्या व नात्यांच्या माळा ओंवीत जावयाचें असल्यामुळें ओळ लांबते, आखूड होते आणि पुन्हां ठरलेल्या जागीं येऊन टेकते. हाताशीं पोथी नसते. कोणत्या विधीला काय म्हणावयाचें, कोणत्या घरीं कोणतें नांव आधीं घ्यावयाचें, हा सारा क्रम तिच्या स्मरणांत असतो. ज्या विद्येंत शब्द, स्वर, विधि आणि कुळाचार इतक्या गोष्टी एकमेकींस धरून चालतात, ती विद्या शिकविण्यास सोपी म्हणतां येणार नाहीं.

यावर कोणी म्हणेल, खेड्यांतील बायकांचीं लग्नगाणीं तीं; शास्त्राशीं त्यांचा संबंध काय? जुनें शास्त्र या प्रश्नाचें जें उत्तर देतें, तें आजच्या पुष्कळ संगीतशिक्षकांस चकित करील. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचिला. कोणतें गीत कोठें गावें हें त्यांत सांगतांना त्यानें महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात हें नमूद केलें, आणि त्याच ओघांत विवाहांत धवल गावा असेंहि सांगितलें. त्यानंतर शंभर वर्षांच्या आंतबाहेर देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानें शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. हिंदुस्थानी व कर्नाटक या दोन्ही पद्धति ज्याला आपला आधारग्रंथ मानतात, तो हा ग्रंथ. त्याच्या प्रबंधाध्यायांत धवल, मंगल व ओवी यांस स्वतंत्र जागा आहे. धवलाचे कीर्ति, विजय व विक्रम असे तीन प्रकार तेथें सांगितले आहेत. आणि हे भेद सांगून झाल्यावर शार्ङ्गदेव अशीहि मोकळीक देतो, कीं लोकांत जी रूढि प्रसिद्ध असेल तिला धरून स्वेच्छेनेंहि धवल गावा. एवढा मोठा शास्त्रकार, पण लग्नमंडपांतल्या गाण्याचा नियम सांगतांना तो लोकरूढीस प्रमाण मानतो.

याच्याहि मागें गेलें तर मतंगाच्या ‘बृहद्देशी’ची साक्ष आहे. स्त्रिया, मुलें, गुराखी आणि राजे आपापल्या देशांत आवडीनें जें गातात त्यास मतंग ‘देशी’ म्हणतो. गुराखी आणि राजा यांस त्यानें एका पंक्तीस बसविलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. मानसोल्लासांत धवल, संगीतरत्नाकरांत धवल, महदाइसेच्या मुखीं धवळे आणि आज पेणच्या खारपाटांत धवळारीण, अशा या ओळींत आठ-नऊशें वर्षांचें अंतर आहे. एवढ्या काळांत चाली बदलल्या असतील, शब्द तर खास बदलले आहेत. सोमेश्वराच्या काळचा धवल जसाच्या तसा आज ऐकूं येतो असें म्हणणें धाडसाचें होईल. परंतु नांव तेंच, प्रसंग तोच आणि गाणाऱ्या स्त्रियाच, इतका धागा अखंड दिसतो. तेव्हां धवळारिणीला विद्यापीठाच्या संगीतवर्गांत आणावें असें आपण म्हणतों, त्यांत नवें कांहीं मागत नाहीं. तिच्या गाण्यास शास्त्रानें एकदां दिलेली जागा मध्यंतरीं गेली, ती परत द्यावी, एवढेंच मागणें आहे. ती जागा गेली कशी, हें पाहिलें पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडे संगीत हा शाळेंत शिकविण्याचा विषय झाला. १८८६ सालीं सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानें मौलाबक्ष यांनीं बडोद्यास गायनशाळा काढली. १९०१ सालीं विष्णु दिगंबर पलुसकरांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. विष्णु नारायण भातखंडे यांनीं घराण्यांच्या कोठारांत कुलुपबंद असलेल्या चिजा खटपटीनें मिळविल्या, त्या स्वरलिपींत उतरविल्या आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ व ‘क्रमिक पुस्तकमालिका’ यांच्या द्वारें घरोघर पोंचविल्या. १९१६ सालीं बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद् भरली आणि १९२६ सालीं लखनऊस मॅरिस कॉलेज निघालें. या तिघांचे उपकार आपल्या पिढ्यांवर आहेत. मध्यम वर्गांतील मुलींना उजळ माथ्यानें तंबोरा हातीं घेतां आला, तो या माणसांमुळें. त्यापूर्वी गाणें शिकावयाचें तर खाँसाहेबांची मर्जी सांभाळावी, नाहीं तर बदनामीला तोंड द्यावें, अशी स्थिति होती.

मात्र कोणतीहि सुधारणा मूल्य दिल्यावांचून मिळत नाहीं. संगीत प्रतिष्ठित करावयाचें म्हणजे तें कोठीपासून जसें दूर न्यावयाचें, तसें गोठ्यापासून आणि मांडवापासूनहि न्यावयाचें, असें नकळत ठरून गेलें. परीक्षा घ्यावयाची म्हणजे ज्याचें मोजमाप करतां येईल तें शिकवावें लागतें. रागाचे आरोह-अवरोह, वादी-संवादी, तालाच्या मात्रा, हें सारें कागदावर मांडतां येतें. धवळ्याला रागाचें नांव नाहीं; त्याची ओळ मांडवांतील विधीच्या मानानें लांबते, म्हणून मात्रांच्या चौकटींत ती नीट बसत नाहीं; आणि मैफलींत तर तो गाइलाच जात नाहीं. अशा गाण्याला अभ्यासक्रमांत जागा कोठून मिळणार? त्याला कोणी हांकून दिलें नाहीं. चौकट अशी बेतली गेली, कीं तें आपोआप बाहेर राहिलें.

याच इतिहासांत दुसरीहि एक गोष्ट घडली आहे, आणि ती आमच्या पक्षास अनुकूल आहे. मॅरिस कॉलेजांत शिकविण्यास भातखंड्यांनीं केवळ पदवीधर गोळा केले नाहींत. लखनऊ घराण्याचे तबलावादक आबिद हुसेन खाँ आणि सरोदवादक सखावत हुसेन खाँ यांच्यासारखे परंपरेनें घडलेले कलावंत तेथें शिकवीत. त्यांची विद्या बापापासून मुलाकडे आलेली, तोंडीं आणि हातीं राहिलेली. ज्याच्याजवळ विद्या आहे त्याला गुरूच्या आसनावर बसवावें, त्याच्याजवळचें प्रमाणपत्र पाहूं नये, हें तत्त्व आपण शंभर वर्षांपूर्वींच मान्य केलें आहे. घराण्याच्या उस्तादाला जो न्याय दिला तो धवळारिणीला देण्यास हरकत घ्यावयाची, तर ती हरकत विद्येची नसून जातीची, गांवाची आणि बाईपणाची आहे, असें म्हणावें लागेल.

संगीतानें पाठ फिरविली तेव्हां लोकगीतांना आधार दिला तो वाङ्मयानें. साने गुरुजींनीं स्त्रियांच्या ओव्या गोळा करून १९४० च्या सुमारास ‘स्त्री-जीवन’ प्रसिद्ध केलें. १९४८ सालीं कमलाबाई देशपांडे यांचें ‘अपौरुषेय वाङ्मय’ आलें. १९५६ सालीं दुर्गाबाई भागवतांनीं ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ लिहून या विषयास शास्त्रीय बैठक दिली, आणि सरोजिनी बाबर यांनीं लोकसाहित्य समितीच्या द्वारें ग्रंथांमागून ग्रंथ काढले. समाजशास्त्रानेंहि आपला वांटा उचलला. वेलिंग यांचा कातकऱ्यांवरील ग्रंथ १९३४ सालचा, तर ल. ना. चापेकरांचा सह्याद्रींतील ठाकुरांवरील ग्रंथ १९६० सालचा. या मंडळींच्या श्रमांवांचून आज आपल्या हातीं फार थोडें उरलें असतें. तथापि छापील पानावर ओवी उतरली म्हणजे तिचे साडेतीन चरण तेवढे उतरतात. जात्याची घरघर, श्वास घेण्याची जागा, पहिलीनें सोडलेला सूर दुसरीनें झेलण्याची रीत, यांतलें कांहीं पानावर येत नाहीं. शिवाय पुस्तक छापलें गेलें कीं गाणारीचें काम संपलें असें वाटूं लागतें. गाणें ग्रंथालयांत गेलें आणि गाणारी आपल्या उंबरठ्यावर राहिली.

मैफलीच्या गायकांपैकीं ज्यांनीं या गाण्याकडे कान दिला त्यांत कुमार गंधर्वांचें नांव पहिलें घ्यावें लागेल. १९४८ सालीं ते देवासास राहावयास आले. क्षयानें अंथरुणास खिळले असतां माळव्यांतील लोकांचीं गाणीं त्यांच्या कानांवर पडत राहिलीं. त्या धुनांतून रागांचीं बीजें कशीं दिसतात हें त्यांनीं गाऊन दाखविलें आणि धुनांतून उगवलेले नवे राग १९६५ सालीं ‘अनूपरागविलासां’त मांडले. लोकगीत हें रागसंगीताचें गरीब नातलग नसून त्याची जननी आहे, हें एवढ्या अधिकारानें सांगणारा दुसरा कलावंत मिळणें कठीण. परंतु तेथेंहि माळव्यांतील धून कुमारांच्या गळ्यांतून मैफलींत आली. जिनें ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली ती माळवी बाई गुरु म्हणून कोणत्याहि वर्गांत बसली नाहीं. प्रतिभावंत गायकाकडून आपण ती अपेक्षाहि करूं नये. तें काम संस्थेचें आहे.

संस्था म्हणून या कामास हात घातला तो अशोक रानडे यांनीं. १९६८ पासून १९८३ पर्यंत ते मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक होते. स्वतः ख्यालगायकीचा व्यासंगी असलेल्या या विद्वानानें १९७५ सालीं ‘लोकसंगीतशास्त्र’ हा ग्रंथ मराठींत लिहिला. भारतीय संगीताचा विचार करतांना त्यांनीं आदिम, लोक, कला, भक्ति व जन अशा कोटि मानल्या आणि पुढें त्यांत संगमसंगीताची भर घातली. या विभागणीचें महत्त्व असें, कीं तींत कोणतीहि कोटि दुसरीची पायरी नाहीं. आदिम संगीत म्हणजे अप्रगत कलासंगीत नव्हे. त्याचें प्रयोजन निराळें, म्हणून त्याचे नियमहि निराळे. मांडवांतील गाण्याला मैफलीच्या मापानें मोजूं नये, ही गोष्ट विद्यापीठाच्या व्यासपीठावरून एवढ्या स्पष्टपणें त्यापूर्वी क्वचितच कोणी सांगितली असेल.

पुढें एकविसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबई विद्यापीठांत लोककला अकादमी निघाली. तमाशा, भारूड, गोंधळ, शाहिरी हे प्रकार तेथें शिकविण्याचे विषय झाले. परंपरेनें घडलेले कलावंत तेथें वर्गांत येऊन शिकवूं लागले, आणि लोककलेंत पदव्युत्तर शिक्षण घेणारा विद्यार्थी मुंबईस दिसूं लागला. ही सामान्य गोष्ट नव्हे. तरीपण दोन उणिवा उरतातच. पहिली ही, कीं जो प्रकार रंगमंचावर उभा राहूं शकतो तो विद्यापीठांत लवकर पोंचतो. तमाशा पोंचला, शाहिरी पोंचली. धवळे हे प्रेक्षकांसाठीं नाहींतच, म्हणून त्यांना वाट सांपडावयास उशीर लागतो. दुसरी ही, कीं संगीताचा विभाग एका छपराखालीं आणि लोककलेची अकादमी दुसऱ्या, अशी वांटणी झाल्यामुळें ख्याल शिकणाऱ्या विद्यार्थ्याला धवळा ऐकण्याचें कारणच पडत नाहीं. ‘संगीत’ म्हणजे ख्याल आणि बाकी सगळी ‘लोककला’, ही समजूत या वांटणीनें उलट पक्की होते.

अन्य देशांत हा प्रश्न कसा सोडविला गेला, हें थोडक्यांत पाहूं. हंगेरींत बेला बार्टोक व झोल्तान कोदाय यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं खेडोपाडीं फिरून शेतकऱ्यांचीं गाणीं ध्वनिमुद्रित केलीं आणि आपल्या देशाच्या संगीताला नवा प्राण दिला. तरी तेथेंहि शेतकरी गायक वर्गाच्या बाहेरच राहिला. अमेरिकेंत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांत मँटल हूड यांनीं १९६० सालीं असें प्रतिपादन केलें, कीं परक्या संगीताचा अभ्यासक तें संगीत स्वतः गातां-वाजवितां आल्यावांचून त्याविषयीं बोलण्यास पात्र ठरत नाहीं. आणि तें शिकावयाचें तर त्या परंपरेंतील वादकापाशींच. त्याच दशकांत मृदंगवादक टी. रंगनाथन् हे कनेक्टिकटमधील वेस्लियन विद्यापीठांत शिकवूं लागले.

याहून पुढचें पाऊल ऑस्ट्रेलियांत पडलें. अ‍ॅडलेड येथें कॅथरीन एलिस या विदुषीच्या पुढाकारानें १९७० नंतरच्या दशकांत तेथील मूळ रहिवाशांच्या संगीताचें केंद्र उभें राहिलें. पित्जन्त्जत्जारा लोकांतील वृद्ध स्त्री-पुरुष वाळवंटांतील आपल्या वस्तीहून शहरांत येत आणि विद्यार्थ्यांना आपलीं गाणीं शिकवीत. कोणतें गाणें कोणाला शिकवावें, कोणतें मुळींच बाहेर काढूं नये, हें तेच ठरवीत. विद्यापीठानें त्यांना आपल्या नियमांत बसविण्याऐवजीं त्यांचे नियम विद्यापीठानें ऐकावे, हा तेथला विशेष. पेण-रोह्याच्या दृष्टीनें हाच धडा सर्वांत उपयोगाचा आहे.

आपल्याकडेहि आतां कागदावर तरी दार उघडलें आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानें प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेंत निवासी कलावंत असावा अशी इच्छा प्रकट केली. आणि २०२३ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें कलावंतांना व कारागिरांना महाविद्यालयांशीं जोडून घेण्याविषयीं मार्गदर्शक सूचना काढल्या. सूचना निघाल्यानें काम होतेंच असें नाहीं. परंतु नियम आड येतो ही सबब आतां पुरेशी नाहीं, एवढें खरें.

उरतात त्या खऱ्या अडचणी, आणि त्या लहान नाहींत. पहिला आक्षेप असा, कीं धवळा मांडवांतून काढला म्हणजे तो मेला. वर्गांत बसून हळदीचें गाणें म्हणावयाचें म्हणजे पाण्याबाहेर काढलेल्या माशाचें पोहणें पाहावयाचें. या आक्षेपांत तथ्य आहे. म्हणूनच निम्मा वर्ग मांडवांत भरला पाहिजे. विद्यार्थ्यांनीं लग्नसराईंत पेण-रोह्याच्या गांवीं जावें, घरच्यांच्या अनुमतीनें एका बाजूस बसावें आणि पहिल्या विधीपासून शेवटच्या विधीपर्यंत ऐकावें. उरलेला निम्मा वर्ग विद्यापीठांत. तेथें धवळारिणीनें आपल्या क्रमानें शिकवावें व विद्यार्थ्यांनीं तिच्या मागून म्हणावें. स्वरलिपि करावयाची असेल तर ती मागाहून करावी, आधीं करूं नये.

दुसरा आक्षेप परीक्षेचा. ज्याला आरोह-अवरोह नाहीं त्याला गुण कसे द्यावे? याचें उत्तर परंपरेपाशीं तयार आहे. दोघींपैकीं मागून उचलणारी बाई हीच शिकणारी असते. पुढचीनें टाकलेली ओळ न अडखळतां, तिच्याच सुरांत, नांवांचा क्रम न चुकवितां जिला उचलतां आली ती उत्तीर्ण. ही परीक्षा कोणत्याहि लेखी परीक्षेपेक्षां कठीण आहे, आणि तिचा निकाल देण्यास धवळारिणीहून योग्य परीक्षक सांपडणार नाहीं.

तिसरी अडचण पैशाची आणि मानाची. आपल्या संस्थांत खेड्यांतील कलावंत बहुधा ‘प्रात्यक्षिका’पुरता बोलावला जातो, त्याच्या गळ्यांत हार पडतो, प्रवासखर्च मिळतो आणि छायाचित्र निघतें. व्याख्यान मात्र दुसराच कोणी देतो. ही रीत सोडली पाहिजे. धवळारीण जितके तास शिकवील तितक्या तासांचें मानधन तिला व्याख्यात्याच्या दरानें मिळावें. तिच्या गाण्याचें ध्वनिमुद्रण झालें तर त्यावर तिचें नांव असावें, आणि त्याची एक प्रत मुंबईच्या कपाटांत न राहतां पेण व रोहा येथील महाविद्यालयांत ठेवावी. तिची नात शिकत असेल तर ती बहुधा तेथेंच शिकत असेल. आजीचें गाणें अभ्यासाचा विषय आहे, हें त्या मुलीला आपल्या महाविद्यालयांत कळलें तर तिच्या मनावर जो परिणाम होईल, तो शंभर परिसंवादांनीं होणार नाहीं.

डोंगराकडच्या वाड्यांविषयीं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कातकऱ्यांचीं कुटुंबें पावसाळा सरला कीं वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर कामास निघून जातात आणि पुढच्या पावसाच्या तोंडाशीं परततात. विद्यापीठाचें वर्ष मात्र ज्या काळांत वाडी रिकामी असते त्याच काळांत ऐन भरांत असतें. तेव्हां कातकरी गायकाला वर्गांत बोलवावयाचें तर वेळापत्रक त्याच्या पोटाच्या धंद्याकडे पाहून आंखावें लागेल; तो कामावरून उठून आला तर बुडालेल्या मजुरीचा विचारहि करावा लागेल. असा विचार न करतां ‘आदिवासी कला’ म्हणून चार तरुणांना रंगीबेरंगी पोशाखांत व्यासपीठावर नाचवावयाचें, हा त्यांच्या संगीताचा अभ्यास नव्हे.

आणि वेळ थोडा आहे. लग्नें आतां सभागृहांत होऊं लागलीं. चार दिवसांचे विधि एका सकाळींत आटोपतात. हळदीच्या रात्रीं ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात आणि त्यांच्या गर्जनेंत म्हातारीचा सूर कोणाला ऐकूं येणार? तरुण मुली शिकल्या, नोकऱ्या करूं लागल्या, ही आनंदाची गोष्ट. परंतु धवळे म्हणणें हें मागासलेपणाचें लक्षण आहे असें त्यांच्यापैकीं कित्येकींस वाटूं लागलें असल्यास तो दोष त्यांचा नाहीं. शाळेंत, महाविद्यालयांत, संगीताच्या परीक्षांत त्यांच्या आजीची विद्या त्यांना कोठेंच दिसली नाहीं. जी विद्या कोठें दिसत नाहीं ती विद्याच नव्हे, असें त्यांनीं मानलें. ही समजूत शिक्षणानेंच उत्पन्न केली आणि ती शिक्षणालाच दूर करावी लागेल.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. धवळ्यांचा ग्रंथांतील उल्लेख त्याहून सातशें वर्षांनीं जुना आहे. वयाचा एवढा मान राखावयाचा तर विद्यापीठानें पेण-रोह्याच्या या वृद्ध विदुषींना आपल्या दारीं परीक्षेस उभें करूं नये; स्वतः त्यांच्या अंगणांत जावें, आवतण द्यावें आणि त्या येतील त्या दिवसांपासून आपल्या संगीतवर्गाचें वर्ष धरावें. पुढच्या पिढींतील विद्यार्थी महदाइसेचे धवळे वाचूं लागेल तेव्हां त्याच्या कानांत एक चाल असावी, आणि ती चाल कोणापासून मिळाली हें त्याला नांवानिशीं सांगतां यावें.